लेकीला क्लॅरिनेट शिकवावं का? धुळ्याच्या एका बँडमास्तरचं उत्तर

शिरपूरच्या एका ताईंचा प्रश्न असा: मुलगी सातवीत आहे. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकून आल्यापासून तिने क्लॅरिनेटचा ध्यास घेतलाय. सासरे म्हणतात, ते लग्नातल्या बँडवाल्यांचं वाद्य, शिकवायचंच तर व्हायोलिन शिकवा, घरंदाज तरी दिसेल. दोन्हींत फरक काय, ही वाद्यं आली कुठून, कोणी मोठी केली, आणि शिरपूर-धुळ्याकडे राहून ती शिकता येतात का?

ताई, आधी सासऱ्यांचं म्हणणं घेतो, कारण गाडं तिथेच अडलंय. त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे क्लॅरिनेट कानावर पडतं ते वरातीतच. पुढे नवरदेवाचा घोडा, मागे कॅसिओची गाडी, आणि मध्ये लाल कोटातला मास्तर गाल फुगवून अहिराणी गाणं वाजवतोय. मी त्याच घरातला. धुळ्यात बँडमध्ये वाढलो, पुढे पोलीस बँडमध्ये नोकरी केली, आता शिकवतो आणि वाद्यं दुरुस्त करतो. त्यामुळे खात्रीने सांगतो, पाच कंदिलाजवळून जाणाऱ्या वरातीतलं आणि तुमच्या लेकीने मुंबईत ऐकलेलं क्लॅरिनेट एकाच जातीचं. तीच रीड, तसाच माउथपीस, तीच काळी पाचची पट्टी. वेगळं असतं ते हाताला लागलेलं वळण आणि समोरचा कागद.

आता घरंदाजपणाचं. लियाँ शहरात १५५६ साली जाम्ब द फेर नावाच्या गृहस्थाने संगीतावर एक छोटं पुस्तक काढलं. त्यात तो सांगतो की सभ्य, खानदानी लोक फावल्या वेळात वाजवतात ते व्हायोल नावाचं वेगळं तंतुवाद्य, आणि व्हायोलिन वाजवतात ते पोटासाठी वाजवणारे, नाचाला आणि लग्नाच्या वरातीला. म्हणजे सासऱ्यांनी जे घरंदाज ठरवलं, ते त्या काळी युरोपातल्या बँडवाल्यांचंच वाद्य होतं. क्रेमोनाच्या आंद्रेआ आमातीने त्याला घाट दिला, त्याच गावच्या स्त्रादिवारीने, तो १७३७ साली गेला, ते कळसाला नेलं, राजेरजवाडे ते विकत घेऊ लागले, आणि मग सगळे विसरले की हे कोणाच्या मांडवातून आलं. हे त्यांना सांगा. ते हसले तर अर्धं काम झालं.

मुलीला क्लॅरिनेटच हवंय, तर ते वाजतं कसं हे एकदा घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावं. गारुड्याची पुंगी आठवा. बांबूच्या कांडीला एक जीभ कापलेली असते, फुंकली की ती थरथरते. आपल्या डोंगराळ पट्ट्यात, साक्री-नवापूरकडे, कोकणा आणि भिल्ल लोकांची पावरी असते, सुका भोपळा, बांबू आणि टोकाला शिंग. डोंगऱ्या देवाच्या वेळी ती रात्ररात्र वाजते. तिचंही तत्त्व हेच, एकेरी जीभ. क्लॅरिनेटची रीड म्हणजे तीच जीभ, फक्त वेताची वेगळी तासलेली पट्टी माउथपीसवर बांधायची. सनई मात्र दुहेरी पत्तीची, म्हणजे ती ऑर्केस्ट्रातल्या ओबोची बहीण. एका म्हाताऱ्या पावरीवाल्याला मी एकदा क्लॅरिनेट उघडून दाखवलं. रीडवर अंगठा फिरवून तो म्हणाला, "हाई ते आपलंच वाद्य शे, भो."

पुढचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण मुलगी पहिल्या महिन्यात याच जागी अडणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बासरीवर सा धरा आणि जोर वाढवा, बोटं न हलवता तार सा येतो. सनईत, सॅक्सोफोनमध्येही तसंच. क्लॅरिनेटमध्ये डाव्या अंगठ्याजवळची रजिस्टर की दाबली तर तार सा येत नाही, त्याच्याही पुढचा प येतो! नळी आतून सरळ आणि एका तोंडाने बंद, म्हणून दुसरा अंश, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर, निघतच नाही, थेट तिसरा, तिपटीचा निघतो. याचा अर्थ असा की बोटांची तीच रचना पुन्हा वापरायच्या आधी एकोणीस अर्धे स्वर भरून काढावे लागतात. बोटं दहा, त्यातला उजवा अंगठा वाद्य तोलण्यात गेला. उरली नऊ. क्लॅरिनेटचा सगळा इतिहास म्हणजे या हिशेबाशी घातलेली कुस्ती.

न्यूरेंबर्गच्या योहान ख्रिस्तोफ डेनरने १७०० च्या आसपास शालुमो नावाच्या जुन्या वाद्याला दोन कळा जोडल्या आणि वरचं सप्तक मोकळं केलं. पुढे शंभर वर्षं कारागीर एकेक कळ वाढवत राहिले. इवान म्युलर नावाच्या वादकाने तेरा कळांचं क्लॅरिनेट केलं आणि १८१२ मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीपुढे ठेवलं. कुठल्याही पट्टीत वाजेल असं वाद्य. समितीने ते नाकारलं. वेगवेगळ्या पट्ट्यांच्या क्लॅरिनेटांचे वेगवेगळे रंग यामुळे मरतील, असं त्यांचं म्हणणं. रंगाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता, पण वादकांनी समितीला विचारलं नाही, म्युलरचं वाद्य उचललं. मग १८३९ ते १८४३ या काळात क्लोझे हा वादक आणि ब्युफे हा कारागीर यांनी टेओबाल्ड बोएमने बासरीसाठी काढलेली, भोकांभोवतीच्या रिंगांची युक्ती क्लॅरिनेटवर बसवली. आज त्याला बोएम सिस्टिम म्हणतात. तुमच्या लेकीच्या हातात बहुतेक तेच येईल, सतरा कळा आणि सहा रिंगा.

बहुतेक म्हणतो, कारण आपल्याकडच्या जुन्या मास्तरांकडे अजून अल्बर्ट सिस्टिम सापडतं. ब्रुसेल्सच्या युजेन अल्बर्टच्या नावाचं, म्युलरच्याच वळणाचं, तेरा कळांचं. नवशिके त्याला जुनाट म्हणतात, ते मला पटत नाही. त्यात भोकांवर लोखंड कमी, बोट थेट लाकडावर. बोट हळूहळू सरकवत भोक उघडलं की मींड अशी सुटते की ऐकणारा वळून बघतो. अहिराणी गाण्यातली ती लांबवलेली हाक जुन्या मास्तरांच्या क्लॅरिनेटमधून येते ती त्यामुळे. जर्मन ऑर्केस्ट्रातही बोएम चालत नाही, तिथे म्युलरच्या घराण्यातून आलेलं ओलर सिस्टिम वाजतं. पण मुलीला परीक्षा द्यायच्या आहेत आणि भारतात पुस्तकं, शिक्षक, सुटे भाग सगळं बोएमचं मिळतं, तेव्हा बोएमच घ्या. मास्तर अल्बर्टवाले असले तरी फुंक, ओठ, मींड शिकवतील, बोटं मुलगी पुस्तकातून जुळवून घेईल.

आता माणसं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

मोझार्टचा एक मित्र होता, आंटोन श्टाडलर. व्हिएन्नाच्या दरबारी ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवायचा, मोझार्टकडून उसने पैसे घ्यायचा आणि परत करायचा नाही. खालच्या सुरांचं त्याला वेड, म्हणून त्याने नेहमीपेक्षा चार अर्धे स्वर आणखी खाली जाणारं लांब क्लॅरिनेट करवून घेतलं. मोझार्टने १७९१ मध्ये आपला क्लॅरिनेट कॉन्चेर्टो, म्हणजे एकल क्लॅरिनेट आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, याच माणसासाठी, याच वाद्यासाठी लिहिला, आणि दोनेक महिन्यांत, ५ डिसेंबरला, तो गेला. मूळ हस्तलिखित गायब. त्याची बायको कोन्स्टान्झ १८०० मध्ये एका पत्रात लिहिते की श्टाडलर म्हणतो, जर्मनीत माझी पेटी चोरीला गेली, पण लोक सांगतात की चोरीबिरी काही नाही, पेटी त्र्याहत्तर डुकाटला गहाण पडली आहे. असे श्टाडलर प्रत्येक बँडमध्ये एक तरी असतात, हे मी शपथेवर सांगेन. आज आपण ऐकतो ती रचना साध्या क्लॅरिनेटला बसावी म्हणून खालचे सूर वर उचलून छापलेली, १८०१ सालची. तुमच्या लेकीला त्यातला मधला, संथ भाग आधी ऐकवा. तो पांढरी सहाच्या क्लॅरिनेटसाठी आहे, काळी पाचच्या नव्हे. ऑर्केस्ट्रातला वादक म्हणूनच दोन क्लॅरिनेटं बाळगतो आणि तुकड्यागणिक बदलतो. वरातीत एकच पुरतं, कारण तिथे गाणं वाद्याच्या पट्टीत ओढून आणता येतं.

दुसरा म्युलफेल्ड. माइनिंगेन या छोट्या संस्थानाच्या ऑर्केस्ट्रात हा मुळात व्हायोलिनवर होता. क्लॅरिनेट स्वतःचं स्वतः शिकला आणि मुख्य वादक झाला. संगीतकार ब्राम्सने तेव्हा लिहिणं आटोपतं घेतलं होतं. म्युलफेल्ड ऐकल्यावर १८९१ मध्ये त्याने क्लॅरिनेटची एक त्रयी आणि एक क्विंटेट लिहिलं, १८९४ मध्ये आणखी दोन सोनाटे. गुरुकुलात न गेलेल्या माणसाने थकलेल्या उस्तादाला पुन्हा टेबलाशी बसवलं.

तिसरी खास तुमच्या लेकीसाठी, क्लॅरिनेटवादक जाबिने मायर. संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांना ती बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये हवी होती. १९८२ सालची गोष्ट. त्या ऑर्केस्ट्रात पहिली बाई, व्हायोलिनवादक मादलेन कारुझो, त्याच साली आली होती, त्याआधी एकही नाही. मायरवर मतदान झालं तेव्हा ७३ मतं विरोधात आणि ४ बाजूने पडली. म्हणे तिचा आवाज इतरांत मिसळत नाही. ती सोडून गेली आणि जगातल्या पहिल्या रांगेतली एकल वादक झाली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर बाईला रीतसर सभासद केलं ते १९९७ मध्ये. तेव्हा मुलीच्या जातीला हे शोभतं का, असा मुद्दा घरात कोणी काढलाच, तर म्हणा की तो प्रश्न बर्लिनवाल्यांनाही पडला होता आणि त्यात त्यांचंच हसं झालं.

आणखी एक गंमत. न्यूयॉर्कमध्ये १९२४ साली अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'ची तालीम चालू होती. सुरुवातीला क्लॅरिनेटला सतरा सुरांची चढती सरळ तान लिहिली होती. रॉस गॉर्मन या वादकाने चेष्टेत ती तान मींड घेत, बोटं सरकवत, रडवेली करून वाजवली. गर्श्विन म्हणाला, असंच ठेव, जमेल तितकं रडव. आज ती जागा न रडवता वाजवली तर लोक चुकलं म्हणतात. धुळ्याचे मास्तर हळदीच्या गाण्यात जे करतात ते हेच. तोंडाचा आकार आतून बदलायचा, बोटं भोकावरून सोलून काढल्यासारखी उचलायची. कोणी कोणाकडून शिकलं नाही, वाद्यातच ते आहे.

बाकीच्या वाद्यांचं भराभर सांगतो. सॅक्सोफोन अडॉल्फ साक्सचा, बेल्जियमचा माणूस, जन्म १८१४, पेटंट १८४६ सालचं. पॅरिसमध्ये २२ एप्रिल १८४५ ला भर मैदानावर जुन्या पद्धतीचा लष्करी बँड आणि साक्सच्या वाद्यांचा बँड अशी जुगलबंदी झाली, साक्सने मैदान मारलं आणि लष्कराची मागणी मिळवली. इतर कारागिरांनी खटल्यांमागून खटले घालून त्याला जेरीस आणलं, तीनदा दिवाळं निघालं. पण पितळी वाद्यांचं एकसारखं कुटुंब, लहानापासून मोठ्यापर्यंत, ही कल्पना टिकली, आणि लष्करी बँडांबरोबर जगभर गेली. छावणीतून संस्थानांत, संस्थानांतून लग्नांत. वरातीत युफोनियम घेऊन मागच्या रांगेत चालणारा म्हातारा त्या कुटुंबाचाच वारसदार. ट्रम्पेटला पिस्टन आले ते १८१८ च्या पेटंटनंतर, श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांच्या नावावर. त्याआधी ट्रम्पेटवर तुतारीसारखे मोजके सूरच निघत. मुलीच्या दातांना तार लावायची असेल तर ट्रम्पेटचा विचार सध्या सोडा, ओठ आतून सोलवटतात.

आपल्या देशातली माणसंही तिला माहीत हवीत. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. ते व्हायोलिनवाले. पुढच्या वर्षी जन्मलेला त्यांचा मुलगा झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेला तेव्हा डबल बास वाजवायचा, मग हातात संचालकाची काठी घेतली. तुम्ही ऐकलात तो असावा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, एनसीपीएचा, २००६ पासूनचा. पण मला जास्त जवळचे वाटतात ते फिल्म स्टुडिओतले गोवेकर. अँथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक आणि शिक्षक. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय रागांवर बेतलेला सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. लताबाईंचं आजोळ तुमच्याच तालुक्यातलं थाळनेर, हे सासऱ्यांना माहीत असणारच. त्यांच्यामागे ऑर्केस्ट्रा होता, एवढं फक्त जोडून सांगा. गोन्साल्विसांचे शिष्य प्यारेलाल, आणि प्यारेलालांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवणारे. त्या शिष्याने गुरूचं नाव १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात घातलं. सगळा खान्देश त्या गाण्यावर वरातीत नाचला, नाव खऱ्या माणसाचं आहे हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक.

आता व्हायोलिनबद्दल प्रामाणिकपणे. वाद्य थोर आहे, गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग, डी. के. दातार यांनी ते मराठी मुलखात गायकीच्या पंगतीला बसवलं. पण धुळे-जळगावला शिकवणारे मिळतील ते बहुधा हिंदुस्थानी पद्धतीचे. मांडी घालून, वाद्याचं टोक पायाशी टेकवून, तारा सा-प मध्ये लावून. ऑर्केस्ट्राचं व्हायोलिन हनुवटीखाली आणि तारांची जुळणी वेगळी. मुलीचं स्वप्न ऑर्केस्ट्राचं असेल तर पाच वर्षांनी तिला मुळापासून सगळं बदलावं लागेल. रागसंगीतच करायचं असेल तर खुशाल व्हायोलिन घ्या, माझी हरकत नाही. क्लॅरिनेटला ही अडचण नाही, दोन्हीकडे धरायची पद्धत एकच. दुसरं, ऑर्केस्ट्रात व्हायोलिनं तीसच्या घरात असतात, क्लॅरिनेटं दोन ते चार. तिथे घोळक्यात लपता येतं, इथे प्रत्येकाची ओळ वेगळी आणि चूक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. तुमची मुलगी लाजरी असेल तर याचा विचार करा.

वाद्य घेताना खान्देशाचं ऊन विसरू नका. चांगली क्लॅरिनेटं आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची असतात, आणि आपला एप्रिल-मे त्या लाकडाचा वैरी. कोरड्या बेचाळीस अंशांतून कुलरच्या ओल्या खोलीत आणलं आणि लगेच फुंकलं की वरच्या भागाला उभी चीर जाते. माझ्या बाकावर दर उन्हाळ्यात अशी वाद्यं येतात. चीर भरता येते, पण आवाजात कुठेतरी ती राहते. पहिलं वाद्य म्हणून एबीएस प्लास्टिकचं घ्या, कमीपणा मानू नका. यामाहा वगैरे नामवंत कंपन्यांचं विद्यार्थ्यांसाठीचं नवं वाद्य अर्ध्या लाखाच्या आसपास किंवा वर जातं. मेरठच्या जली कोठी भागात बनलेली त्यापेक्षा खूप स्वस्त पडतात, वरातीला धावतात, पण एकाच कारखान्याच्या दोन वाद्यांत सूर जुळेलच असं नाही. घ्यायचंच असेल तर माहीतगाराकडून वाजवून घ्या. माउथपीस मात्र स्वस्त वाद्याबरोबर आलेला वापरू नका, तो वेगळा चांगला घ्या. निम्मा सूर तिथे आहे. आणि तो उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. काळं एबोनाइट हिरवट-तपकिरी होतं आणि तोंडात गंधकाची चव येते.

उन्हाचा सुरावरचा परिणाम तर रोजचा. वीस अंशांना आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, बेचाळीसला ३५६ च्या आसपास. हवा तेवढी तापली तर फुंकवाद्य अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त चढायला हवं. प्रत्यक्षात इतकं चढत नाही, कारण नळीत आपल्याच श्वासाची ऊब आधीपासून असते. पण कॅसिओ तसूभर हलत नाही, तो आपला ४४० ला ठाम. म्हणून भर दुपारच्या वरातीत क्लॅरिनेट आणि कॅसिओ एकमेकांशी भांडल्यासारखे ऐकू येतात, आणि लोकांना वाटतं मास्तर बेसूर आहे. मास्तरने बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढायला हवा, किंवा कॅसिओवाल्याने आपला सूर थोडा वर घ्यायला हवा. दोघंही करत नाहीत. व्हायोलिनच्या तारा उलट उन्हात सैल पडून उतरतात. धुळ्यातल्या डिसेंबरच्या पहाटे सगळं उलटं, फुंकवाद्यं खाली. मुलीला पहिल्या वर्षातच ट्यूनरचं ॲप लावून हे स्वतः बघायला सांगा, मैफलीआधी सगळा ऑर्केस्ट्रा ओबोच्या पांढरी सहाशी का जुळवून घेतो ते आपोआप कळेल.

शिकायचं कसं? माझा सल्ला दोन गुरूंचा. एक गावातला बँडमास्तर, फुंक आणि कान यासाठी. लग्नसराईत त्याच्या मागे लागू नका, तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत त्याला जेवायला वेळ नसतो. आषाढीनंतर, चातुर्मासात, तोच माणूस रिकामा आणि पैशाच्या ओढीत असतो. तेव्हा रीतसर फी ठरवा, घरी बोलवा, चहा द्या आणि 'मास्तर' म्हणा. सासऱ्यांनी पंधरा दिवस त्याला घरात ऐकलं की निम्मे आक्षेप गळून पडतील. दुसरा गुरू ऑनलाइन, मुंबई-पुण्याचा, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी, वाचायला आणि ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षांच्या तयारीला. आपले बहुतेक मास्तर कानाने वाजवतात आणि भन्नाट वाजवतात, पण ऑर्केस्ट्रात समोरचा कागद पहिल्यांदा बघून वाजवावा लागतो. ती सवय कोवळ्या वयातच लागते. पेटी किंवा बासरी येत असेल तर तिला एवढंच समजवा: कागदावर पांढरी एक लिहिलेली असेल तेव्हा तिचं क्लॅरिनेट काळी पाच वाजवणार. आधी डोकं फिरतं, मग सवय होते.

रीड सुरुवातीला दीड किंवा दोन नंबरची. डबा घ्या, एकच एक घेऊ नका, आणि तीन-चार आलटून पालटून वापरा. आपल्या कोरड्या हवेत टोकाला लाटा पडतात. अशी रीड फेकू नका, पाण्यात दोन मिनिटं बुडवून काचेवर सपाट दाबा. रोज वीस मिनिटं पुरे, त्यात निम्मा वेळ नुसते लांब सूर. पहिला आठवडा फक्त माउथपीस आणि बॅरल. शेजारी तक्रार करतील, करू द्या. वाजवून झालं की आतून कापड ओढायचं, हे एक काम मुलं हमखास टाळतात आणि कळांखालचे पॅड कुजतात.

पुढे काय, हे सासरे विचारतीलच, म्हणून लिहितो. पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे, तिथले बँडवाले पंधरा ऑगस्टच्या संचलनात तुम्ही पाहिले असतील. लष्कराचं संगीत प्रशिक्षण पचमढीला चालतं, भुसावळहून इटारसीमार्गे पिपरियाला उतरून जायचं. शाळांना बँडशिक्षक लागतात. सिम्फनी ऑर्केस्ट्रातली खुर्ची फार दूरची गोष्ट, त्यासाठी बाहेर शिकायला जावं लागतं, आणि आज सातवीतल्या मुलीसमोर तो हिशेब मांडू नये.

जुनं वाद्य कोणी देत असेल तर घ्यायच्या आधी हे करा. वरच्या भागाची सगळी भोकं बोटांनी बंद करा, खालचं तोंड तळव्याने दाबा आणि वरून हवा ओढा. निर्वात झाल्यासारखी जीभ चिकटून राहिली तर पॅड चांगले. हवा फसफसत आत आली तर सगळे पॅड बदलायला लागतील, तो खर्च किमतीतून कापून घ्या. शंका वाटली तर धुळ्याला येताना घेऊन या, बाकावर ठेवून बघू.